बायोएथेनॉल (पिके व शेतातील अवशेषांपासून)

वनस्पतींमधील शर्करेचे किण्वन करून (ती आंबवून) मिळवलेले, मुख्यतः इंधन म्हणून वापरले जाणारे अल्कोहोल. खनिज तेलापासून बनवलेल्या एथेनॉलहून ते रासायनिकदृष्ट्या वेगळे नसते. फरक असतो तो कच्च्या मालात, आणि सगळी अडचणही तिथेच आहे.

उसाचा रस किंवा मळी घेतली तर काम सरळ होते : साखर तयारच असते, यीस्ट तिचे एथेनॉल व कार्बन डायऑक्साइड करते. धान्यातील स्टार्च आधी विकरांनी (एन्झाइमांनी) फोडून ग्लुकोज करावा लागतो, इतकेच. १०० किग्रॅ. ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किग्रॅ. एथेनॉल मिळू शकते. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या, तर पुढे अमेरिकेने मक्याच्या बळावर हा उद्योग उभा केला. खाण्याचे पीक टाकीत का ओतायचे, हा आक्षेप मात्र कायम राहिला.

म्हणून लक्ष पेंढा, काड, मक्याची ताटे, उसाचे चिपाड यांकडे वळले. यांतही साखर भरपूर असते, पण ती सेल्युलोज व हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली, आणि भोवती लिग्निन या चिवट पदार्थाचे वेष्टन. हा सांगाडा सहजासहजी कुजू नये असाच घडलेला असतो. तो सैल करण्यासाठी माल दाबाखालील वाफेत किंवा सौम्य आम्लात तापवतात. उष्णता जास्त झाली तर साखरेचेच फरफ्युरल हे रसायन बनते व ते यीस्टला मारक ठरते. त्यानंतर सेल्युलेज विकर सेल्युलोजचे ग्लुकोज करतात. हे विकर देणारी ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवताना सापडली होती! हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही. त्यासाठी जनुकीय बदल केलेले वाण लागतात. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळतात.

नेहमीच्या ऊर्ध्वपातनाने एथेनॉल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी उरलेले पाणी रेणवीय चाळणीने (पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या सूक्ष्मछिद्री पदार्थाने) काढतात. एथेनॉलचा ऑक्टेन अंक (इंजिनात अवेळी न पेटण्याच्या गुणाचे माप) पेट्रोलपेक्षा जास्त, पण लिटरमागे ऊर्जा मात्र पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश.

अवशेषांवर चालणारे काही मोठे कारखाने सुरू होऊन थोड्याच वर्षांत बंद पडले. विकरांचा खर्च हे एक कारण, पण पेंढ्याचा त्रासही तेवढाच : तो हलका, जागा खाणारा, हंगामातच मिळणारा, आणि मातीसकट येऊन यंत्रे झिजवणारा. शेतातून तो सगळाच उचलला तर जमिनीतील सेंद्रिय कर्बही घटतो. त्यामुळे किती न्यायचा हे माती, उतार आणि पीक पाहूनच ठरवावे लागते.