विद्युत् भाराची गती आणि चुंबकीय क्षेत्र

स्थिर विद्युत् भाराभोवती केवळ विद्युत् क्षेत्र असते; तोच भार निरीक्षकाच्या सापेक्ष सरकू लागला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्रही आढळते. सरळ तारेतून प्रवाह वाहत असता या क्षेत्राच्या रेषा तारेभोवती वर्तुळाकार असतात आणि उजव्या हाताचा अंगठा प्रवाहाच्या दिशेने धरल्यास वळलेली बोटे रेषांची दिशा दाखवतात. दक्षिणोत्तर ताणलेल्या लांब तारेखाली एक सेंटिमीटरवर होकायंत्र ठेवून तारेतून एक अँपिअर प्रवाह सोडला, तर तिथे सुमारे २० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक; मायक्रोटेस्ला त्याचा दशलक्षांश) क्षेत्र निर्माण होते. महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (आडव्या दिशेतला) घटक याच्या दुपटीहून थोडा कमी असल्याने सुई पंचवीस-तीस अंशांनी वळते.

सुईचे हे वळणे डॅनिश भौतिकीविज्ञ हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांनी १८२० साली कोपनहेगन येथे नोंदवले. मात्र त्यातून एक प्रश्न उरला: क्षेत्र गतिमान भारामुळे उद्भवते, की त्यासाठी वाहक तारेतला प्रवाहच हवा? अमेरिकन भौतिकीविज्ञ हेन्री रोलंड यांनी १८७६ साली बर्लिनमध्ये, जर्मन भौतिकीविज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत, एबोनाइटच्या (कठीण केलेल्या रबराच्या) चकतीवर सोन्याचा मुलामा चढवून ती विद्युत् भारित केली आणि सेकंदाला साठाच्या आसपास फेऱ्यांनी फिरवली. चकतीजवळ टांगलेली सुई हलली. भाराचे चिन्ह बदलताच ती उलट दिशेला हलली. मोजलेले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तुलनेत इतके क्षीण होते, की फ्रान्समध्ये भौतिकीविज्ञ क्रेमियू यांना पुढे हा परिणाम आढळलाच नाही. अखेर १९०३ साली त्यांनी रोलंड यांचे शिष्य पेंडर यांच्यासह पॅरिसमध्ये संयुक्त प्रयोग केले, तेव्हा हा वाद मिटला.

तारेतील इलेक्ट्रॉन मात्र चकतीसारखे वेगाने धावत नाहीत, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला खोटी वाटते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहताना त्यांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर भरतो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्यांना जवळजवळ पावणेचार तास लागतात. तरीही परिणाम जाणवतो, कारण इलेक्ट्रॉनांची संख्या प्रचंड असते आणि तारेतील धन व ऋण भार एकमेकांचे विद्युत् क्षेत्र जवळजवळ पूर्णपणे नाहीसे करतात. आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या सापेक्षता सिद्धांतानुसार विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे ही एकाच क्षेत्राची, निरीक्षकाच्या गतीनुसार बदलणारी रूपे आहेत. विद्युत् बळ असे खोडले गेल्यामुळेच एरवी नगण्य ठरावे असे चुंबकीय बळ तारेबाहेर सहज मोजता येते.

या क्षेत्राचा उपद्रव मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपुढेही उभा राहिला. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर, त्यांच्या प्रवाहामुळे तिथल्या भूचुंबकीय (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या) नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. कुलाब्याच्या जुन्या नोंदींशी सांधा जुळावा यासाठी काही काळ दोन्ही ठिकाणी मापने चालू ठेवली होती. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली.