जकात आणि सदका : इस्लाममधलं दान

जकात म्हटलं की मराठी माणसाला आधी जकात नाका आठवतो. शब्द तोच आहे, अरबीतला, फक्त आपल्याकडे येईपर्यंत मालावरचा कर होऊन बसला. मूळ अर्थ शुद्ध होणं आणि वाढणं. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी हा एक, आणि कुराणात नमाज कायम करा म्हटलं की पाठोपाठ जकात द्या असं बऱ्याच ठिकाणी येतं.

आपण याला सरसकट दान म्हणतो पण जकातीला तो शब्द नीट बसत नाही. दान म्हणजे मनात आलं तर दिलं. जकात हे देणं आहे, कुराण सांगतं की श्रीमंतांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे, म्हणजे देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचं त्याच्याकडे राहिलेलं परत करतो. पैगंबरांनंतर काही टोळ्यांनी जकात द्यायचं नाकारलं तेव्हा पहिले खलिफा अबू बकर त्यांच्याशी लढले, नमाज आणि जकात वेगळी करू देणार नाही म्हणाले.

हिशोब असा, गरजा आणि कर्ज वजा जाता उरलेली संपत्ती निसाबच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या वर असेल, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम सोन्याच्या किमतीएवढी (काही लोक चांदीचा निसाब धरतात, तो बराच खाली येतो) आणि चांद्र वर्षभर तशी राहिली तर तिचे २.५ टक्के द्यायचे. राहतं घर, रोजच्या कामाची अवजारं यांच्यावर नाही. अंगावरच्या दागिन्यांवर मात्र मतभेद आहेत, हनफी पंथाचे विद्वान म्हणतात द्या, बाकीचे बहुतेक म्हणतात नाही. शेतीचं गणित वेगळं, पावसावरच्या पिकाचा दहावा भाग आणि पाणी स्वतः खर्च करून दिलं असेल तर विसावा, मेहनतीचा विचार केलाय ते बरं वाटतं.

घेणारे आठ प्रकारचे, कुराणातल्या सूरह तौबा या अध्यायात यादीच आहे, त्यात गरीब, कर्जबाजारी, अडकलेला प्रवासी, गुलामांची सुटका हे आलं आणि जकात गोळा करणारे कर्मचारी पण आले. स्वतःच्या आईवडिलांना किंवा मुलांना जकात चालत नाही कारण त्यांना पोसणं तसंही आपलंच काम.

रमजान संपताना ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो, घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळाचासुद्धा, एक साअ म्हणजे अडीच-तीन किलो धान्य. ईदला कुणी उपाशी राहू नये म्हणून.

सदका मात्र ऐच्छिक, त्याला ना रक्कम ना तारीख. शब्द सिद्क म्हणजे खरेपणा यावरून आलाय. आणि पैसाच लागतो असं नाही, हदीसप्रमाणे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांप्रमाणे, रस्त्यातला काटा बाजूला करणं हाही सदका, भावाकडे बघून हसणं हाही. पण देऊन वर टोमणे मारले तर सगळं वाया, त्यापेक्षा नुसतं गोड बोललेलं बरं असं कुराण स्पष्टच म्हणतं. उघडपणे दिलेलं चालतं पण गुपचूप दिलेलं जास्त चांगलं, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये इतकं.

मेल्यानंतरही ज्याचं पुण्य चालू राहतं तो सदका-ए-जारिया, म्हणजे विहीर, झाड, शिकवलेलं ज्ञान. वक्फची कल्पना याच्याच जवळची. पैगंबरांचे सहकारी उमर यांना अरबस्तानातल्या खैबरमध्ये जमीन मिळाली, तिचं काय करू विचारल्यावर पैगंबरांनी सुचवलं की मूळ जमीन अडकवून ठेव आणि उत्पन्न वाट, मग ठरलं की ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांनाही जायची नाही, आणि सांभाळणाऱ्याने त्यातलं पोटापुरतं खाल्लं तर हरकत नाही.