स्टोक्ड : द राइज अँड फॉल ऑफ गेटर

मार्क ‘गेटर’ रोगोव्हस्की (जन्म १९६६) या अमेरिकी स्केटबोर्डपटूची कीर्ती आणि अधोगती यांवरील माहितीपट. दिग्दर्शिका हेलन स्टिकलर. निर्मितीवर्ष सामान्यतः २००२ मानतात. अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो २००३ मध्ये आला, म्हणून काही ठिकाणी तेच वर्ष आढळते.

रोगोव्हस्कीचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. तो वाढला दक्षिण कॅलिफोर्नियातील एस्कॉन्डिडो येथे. किशोरवयातच तो व्यावसायिक खेळाडू झाला. ‘व्हिजन’ कंपनीने त्याच्या नावाने काढलेल्या फळ्या (स्केटबोर्ड) आणि कपडे १९८० च्या दशकात जोरात खपले.

ही कीर्ती ‘व्हर्ट’ प्रकारातली होती. इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या उतारावर, ज्याच्या भिंती माथ्याशी जवळपास काटकोनात उभ्या होतात, खेळाडू वेग घेऊन काठापलीकडे हवेत उसळतो. त्याचे मूळ कॅलिफोर्नियातील रिकाम्या पोहण्याच्या तलावांत शोधतात. १९७६-७७ च्या अवर्षणात कोरडे पडलेले तलाव स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलांच्या हाती लागले, हे खरे. मात्र तलावांत फळी चालवणे त्याआधीचे आहे. तलावाच्या काठावरील पहिल्या हवाई उडीचे श्रेय बहुधा टोनी अल्वा याला देतात (सु. १९७७). त्याच सुमारास इतरांनीही तसे प्रयत्न केल्यामुळे एकाच नावाचा आग्रह न धरणे बरे. ‘ऑली’ या उडीबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. हात न लावता फळीसह उसळण्याची ही युक्ती ॲलन गेलफँड याने फ्लोरिडात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाटोळ्या उतारावर साधली. रॉडनी मलन याने ती १९८२ च्या सुमारास सपाट जमिनीवर आणली. फळीचे मागचे टोक जमिनीवर आपटायचे आणि पुढचा पाय फळीच्या पुढच्या टोकाकडे सरकवत ती वर ओढायची, एवढ्यावर आता कठडे, पायऱ्या, बाक हेच मैदान झाले. महागड्या उतारांची (रॅम्प) गरज सरली आणि दशकाअखेर व्हर्टचे तारे मागे पडले. रोगोव्हस्की त्यांपैकी एक.

पुढे तो कडव्या ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि मार्क अँथनी हे नाव लावू लागला. मार्च १९९१ मध्ये त्याने पूर्वीच्या प्रेयसीच्या मैत्रिणीवर बलात्कार करून तिचा खून केला. नंतर त्याने पोलिसांकडे कबुली दिली. १९९२ मध्ये त्याला ३१ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

माहितीपटात तुरुंगातील रोगोव्हस्कीचा केवळ दूरध्वनीवरील आवाज येतो. टोनी हॉक, स्टेसी पेराल्टा आदी स्केटबोर्डपटूंच्या मुलाखती आणि तत्कालीन चित्रफिती यांतून त्या काळाचा उन्माद उभा राहतो. खेळाचा ऱ्हास आणि माणसाचा ऱ्हास येथे शेजारी ठेवले आहेत. त्यावरून काहींनी व्यापारी प्रसिद्धी आणि तिचा अचानक झालेला अस्त यांना गुन्ह्याचे कारण मानले. हे मत जपूनच घ्यावे. व्हर्ट ओसरल्यावर इतर कित्येकांचे उत्पन्न आटले, हॉकचेसुद्धा. त्यांनी कोणाचा जीव घेतला नाही. तारा हरवल्याची हळहळ दाखवणाऱ्या या पटात मारल्या गेलेल्या तरुणीच्या वाट्याला फार थोडी जागा आली आहे, ही त्याची मोठी उणीव होय.