नाग नदीचं पाणी जातं कुठे?

अशोक चौकाच्या पुलावर नाकाला रुमाल लावून उभं राहिलं की खाली जे काळं पाणी दिसतं, ते शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. वाट लांबची आहे: नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वर्धा मिळाली की वैनगंगेची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत उतरते. किनाऱ्यावरच्या गावांनी समुद्र घाण केला म्हणताना आपण नागपूरकर उगाच साळसूद असतो.

ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं, ती लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते. तिच्यावरचा अंबाझरीचा बांध १८७० च्या सुमारास वाढवला, तो शहराला पिण्याचं पाणी देण्यासाठी. पुढे शहर वाढलं, पाणी पेंच-कन्हान नद्यांवरून येऊ लागलं. घराघरांत नळ आले, पण सांडपाण्याच्या वाहिन्या त्या वेगाने पडल्या नाहीत. मग जे वाहायचं ते जवळच्या नाल्यात आणि तिथून नदीत वाहत राहिलं.

गंमत अशी की सांडपाण्याचा अभ्यास करणारी देशातली मोठी संस्था याच शहरात आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी ती सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिचं नाव ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) झालं. उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळाच्या जोरावर मैला शुद्ध करण्याची स्वस्त पद्धत भारतीय हवामानात कशी बसवायची, यावर तिथे बरंच काम झालं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

शुद्धीकरणात गूढ काही नाही. मैल्यावर जगणाऱ्या जिवाणूंना भरपूर हवा द्यायची, मग त्यांचा गाळ खाली बसू द्यायचा. ही युक्ती १९१४ ची, मँचेस्टरची. प्लांटवरचा ऑपरेटर आजही टाकीतलं गढूळ पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास थांबतो. तपकिरी गाळ तळाशी बसला, वर नितळ पाणी राहिलं, तर जिवाणू खूश. गाळ तरंगत राहिला तर कुठेतरी बिघडलंय. हीच हवा आपण दिली नाही, तर मैला ती नदीतून ओढून घेतो आणि मासे गुदमरतात. उरलेलं नत्र-स्फुरद खाडीपर्यंत जाऊन शेवाळ माजवतं.

नागपुरात खरा फरक पडला तो गिऱ्हाईक मिळाल्यावर. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना पेंचचं पाणी लागायचं आणि उन्हाळ्यात त्यावरून ओढाताण व्हायची. २००८ मध्ये महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी ‘महानिर्मिती’ यांच्यात करार झाला. शहरातल्या भांडेवाडी केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीला न्यायचं ठरलं आणि रोज १३ कोटी लिटर क्षमतेची योजना उभी राहिली. पुढे त्याच भांडेवाडीत २० कोटी लिटरचा प्रकल्प आला. विकत घेणारा उभा राहिल्यावर घाणीचंही पाणी झालं.

जे वाहिन्यांत येतच नाही, ते मात्र अजून नदीत जातं. ११ डिसेंबर २०२२ रोजी नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीसाठी १९२५ कोटींहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. त्याआधी कितीतरी वर्षं वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात काळं पाणी साचल्याची ओरड नदीकाठचे ढिवर मासेमार करत होते. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर पुढे आहे.