बोलायची भाषा आणि लिहायची भाषा (सोलापूर)

बोलायची भाषा म्हणजे समोरासमोर, विचार करता करताच तोंडातून निघणारी, आणि लिहायची म्हणजे सावकाश, खोडून-दुरुस्त करून, समोर नसलेल्या माणसासाठी मांडलेली. हा फरक सगळ्याच भाषांत असतो, पण सोलापुरात तो लगेच कानाला कळतो, कारण घरात तेलुगू नाहीतर कन्नड, शेजारी दखनी (इकडची उर्दू), रस्त्यावर सोलापुरी मराठी आणि शाळेच्या वहीत पुस्तकी मराठी असं सगळं एकाच पोराच्या वाट्याला येऊ शकतं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तर हे नेहमीचंच.

सगळ्यात ठळक फरक क्रियापदाचा. "काय करलालास बे?" असं विचारलं की उत्तर येतं "जेवलालाव की". पुस्तकात हेच 'काय करत आहेस' आणि 'जेवत आहे'. बाहेरचे लोक याला बिघडलेलं मराठी समजून हसतात, पण यात बिघडलेलं काही नाही, आत 'लागणे' हे क्रियापद बसलेलं दिसतं, लिखित मराठीत 'करू लागला' म्हणजे सुरुवात केली आणि इथं तेच घासून चालू कामासाठी वापरतात, शिवाय मी जेवलालाव, तू जेवलालास, तो जेवलालाय असं नियमात बदलतं. तसं बघितलं तर पुण्यातलं 'करतोयस' सुद्धा कोणी अर्जात लिहीत नाही, फक्त त्याला कोणी हसत नाही एवढंच.

दुसरं म्हणजे सूर. "येतो की" हे आश्वासनही होऊ शकतं आणि वैतागही, आवाजावरून कळतं. 'बे' दोस्ताला चालतं, सासऱ्याला नाही. कागदावर सूर नसतो, हातवारे नसतात, वाचणाऱ्याला मध्येच थांबवून "म्हंजे?" विचारता येत नाही, म्हणून लिहिताना वाक्य पूर्ण करावं लागतं, कोण-कुठं-कधी सगळं सांगावं लागतं. लिपी पण सगळं दाखवत नाही, 'चार' आणि 'चाक' यातला च वेगळा, अक्षर एकच.

टोकाचा नमुना बघायचा तर पोलीस ठाण्यात. माणूस सांगतो "त्यानं मला ढकललं की साहेब", कागदावर उतरतं 'सदर इसमाने फिर्यादीस धक्काबुक्की केली'. घटना तीच, बोलणारा मात्र गायब.

शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी (१९७२ मध्ये त्यात भर पडून ते १८ झाले) पात्राच्या तोंडी 'असं केलं' लिहायला मोकळीक दिली, एरवी 'असे केले'. 'असं', 'केलं' वरचं हे टिंब म्हणजे बोलीला लेखनात मिळालेली जरा अधिकृत जागा.

लिहिलेल्या मराठीचा एक फार जुना पुरावा याच जिल्ह्यात आहे हे बऱ्याच सोलापूरकरांनाच माहीत नसतं. दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे, त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ साधारण 'जो हे वाचेल तो विजयी होईल'. तेव्हा लोक बाजारात कसं बोलायचे ते मात्र दगडावरून कळत नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर लोक बोलायचं तसंच टाइप करतात, तिथं दोन्हींची सरमिसळ झालीय, आणि कोणी 'करलालास' लिहितो, कोणी 'करलालैस', कोणी 'कर्लालास', ज्याच्या कानाला जसं बसतं तसं.