झेल नेमका पूर्ण कधी होतो?
११ जानेवारी २०१५. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या (हातात चेंडू घेऊन खेळायच्या) व्यावसायिक लीगचा बाद फेरीचा सामना, ग्रीन बे विरुद्ध डॅलस. डॅलसच्या डेझ ब्रायंटने उंच उडी मारून चेंडू पकडला, पडता पडता गोलरेषेकडे हात लांबवला, आणि जमिनीवर आपटताच चेंडू हातातून उसळला. मैदानातल्या पंचांनी झेल दिला होता. रिप्ले पाहून तो रद्द झाला. डॅलस २१-२६ असं हरलं.

कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी भांडण वर्षानुवर्षं चाललं. कारण वाद दिसण्याचा नव्हताच. झेल हा एक क्षण नसतो, त्याला काही काळ लागतो. आपल्या क्रिकेटचा नियमही चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा मिळाला की मगच झेल पुरा मानतो. (१९९९ च्या विश्वचषकात हर्शेल गिब्जने चेंडू आनंदाने उडवायची घाई केली आणि स्टीव्ह वॉ वाचला.)

एनएफएलने २०१८ मध्ये व्याख्या बदलली. चेंडूवर ताबा हवा, दोन्ही पाय किंवा शरीराचा दुसरा भाग मैदानाच्या आत टेकायला हवा, आणि तिसरं पाऊल टाकणं, चेंडू पुढे नेणं अशी एखादी कृती हवी, किंवा ती करण्याइतका वेळ तरी मिळालेला हवा. पडताना जमिनीवर आपटूनही चेंडू सुटता कामा नये, ही जुनी अट गेली. ब्रायंटचा झेल आज बहुधा टिकला असता.

पण ‘तेवढा वेळ’ म्हणजे किती? स्लो मोशन गोंधळ घालतं ते इथेच. वेग चौपट कमी केला की अर्ध्या सेकंदाची पकड पडद्यावर दोन सेकंद टिकते. चेंडूची बारीकशी थरथरही ताबा सुटल्यासारखी भासते. म्हणजे एकच चित्रफीत दोन्ही बाजूंना पुरावा पुरवते! २०१६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गोळीबाराची आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या धडकेची दृश्यं लोकांना दाखवली. संथ गतीत पाहणाऱ्यांना ती कृती जास्त हेतुपुरस्सर वाटली, कारण करणाऱ्याला विचार करायला अवधी होता असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात किती वेळ गेला हे पडद्यावर दाखवूनही तो परिणाम पुरता गेला नाही.

पाय रेषेवर पडला का, चेंडू जमिनीला लागला का, हे जागेचे प्रश्न. त्यांना स्लो मोशन उत्तम. खेळाडूला वेळ मिळाला का, हे मात्र माझ्या मते पंचांनी मूळ वेगातच पाहावं.