बिजागरी गेली, किंमत उतरली: हातातल्या गेमिंग कन्सोलवरच्या जादा सोयींची पार्श्वभूमी

28 ऑगस्ट 2013 रोजी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने टूडीएस नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र जाहीर केलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते लहान मुलांचं खेळणं वाटलं. आकार दाराखाली अडकवायच्या पाचरीसारखा, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळता. त्याच घराण्यातलं थ्रीडीएस कंपासपेटीसारखं मिटायचं, याला बिजागरीच नव्हती. मिटलं की यंत्र झोपी जायची सोय त्यामुळे गेली आणि तिच्या जागी खाली एक सरकवायचं बटण आलं. दोन स्पीकरांचा एक झाला. खोलून पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडली. वर-खाली दिसणारे दोन पडदे मुळात एकाच मोठ्या पॅनेलचे होते, वरून प्लास्टिकची चौकट बसवून वेगळे दाखवलेले. चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र दाखवणारा थर तर पूर्णच काढला होता. किंमत 129.99 डॉलर. थ्रीडीएस त्या वेळी 169.99 डॉलरला मिळत होतं आणि त्यावरचे खेळ यावरही चालत होते, फक्त सपाट दिसत.

हातात धरून खेळायच्या यंत्रात गाणी, सिनेमा, कॅमेरा, रेडिओ भरावेत, की ते सगळं काढून यंत्र स्वस्त करावं, हा वाद या यंत्राच्या बराच आधीचा आहे. तो समजून घ्यायचा तर निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांच्यापासून सुरुवात करावी लागते. आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि तिथून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. 1980 मध्ये त्यांचं 'गेम अँड वॉच' बाजारात आलं. शार्प आणि कॅसिओ यांच्या कॅल्क्युलेटरच्या चढाओढीत एलसीडी पडदे आधीच स्वस्त झाले होते. जुनं, सरावाचं, भाव उतरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते भलत्याच ठिकाणी नव्याने वापरायचं, ही योकोईंची रीत. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या जपानी शब्दांचा अर्थ साधारण 'वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' असा होतो.

याच रीतीने 1989 मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला. जपानमध्ये 12,500 येन, अमेरिकेत साधारण 90 डॉलर. पडदा हिरवट, चारच छटा, मागे दिवा नाही. चार पेन्सिल सेलवर मात्र तो पंधरा तासांच्या आसपास चालायचा. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सचा पडदा रंगीत होता, आत दिवाही होता. पण किंमत जवळपास दुप्पट, आणि सहा सेल चार-पाच तासांत संपायचे. पुढच्या वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरची भूकही तशीच. गेम गिअरला टीव्ही बघायचा जोड मिळायचा, पण तो वेगळा विकत घ्यावा लागे, आणि ही गोष्ट पुढच्या वादात फार महत्त्वाची आहे. ज्याला टीव्ही हवा त्याने पैसे द्यावेत, बाकीच्यांनी का द्यावेत? तरीही गेम गिअर एक कोटीच्या थोडा वर जाऊन थांबला. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून 11 कोटी 80 लाखांवर गेली.

सेलचा खर्च आपण किमतीत धरत नाही, पण घरात तो ज्याला द्यावा लागतो तो नक्की धरतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या हातांत होता. जत्रेत, स्टेशनबाहेरच्या टपरीवर मिळायचा तो '9999 इन 1' लिहिलेला ब्रिक गेम. काळे चौकोन, टिर्र टिर्र आवाज, मागे दोन पेन्सिल सेल. ते सेल मंदावले की घड्याळातले काढून घालायचे. योकोईंचं नावही कानावर नसलेल्या मुलांनी त्यांचा हिशेब असा हातात धरून पाहिला आहे.

जादा सोयींचा खरा उत्साह आला तो 2003 च्या सुमारास. नोकियाचा एन-गेज हा फोन होता, गेमयंत्र होतं, एमपी3 वाजवायचा आणि एफएम रेडिओही लावायचा. किंमत 299 डॉलर. बोलताना तो कडेवर उभा धरून कानाला लावायचा. खेळाचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण आणि बॅटरी काढावी लागे, म्हणजे एक खेळ बदलायला फोन बंद. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचं तेच काम सगळ्यात अवघड करून ठेवलेलं. पुढच्या वर्षीच्या एन-गेज क्यूडीमध्ये नोकियाने एमपी3 आणि रेडिओ काढून टाकले, कार्डाची खाच बाहेर आणली आणि किंमतही उतरवली. 'सोयी काढा, स्वस्त करा' या सल्ल्याचं हे अगदी शब्दशः पालन होतं. तरी गाडी रुळावर आली नाही, कारण खेळ कमी होते आणि जे होते ते खेळण्याजोगं बटणांचं अंग त्या फोनला नव्हतं.

2004 च्या अखेरीस दोन यंत्रं समोरासमोर आली. निन्टेन्डो डीएस 149.99 डॉलरला, दोन पडदे, एक स्पर्शाचा, आणि गाणी-सिनेमा काही नाही. सोनीचं पीएसपी अमेरिकेत मार्च 2005 मध्ये 249.99 डॉलरला आलं. 4.3 इंची पडदा त्या काळी खरोखर देखणा होता. त्यात गाणी, फोटो, व्हिडिओ आणि यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर सिनेमे. सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख केन कुतारागी यांनी त्याला एकविसाव्या शतकाचा वॉकमन म्हटलं होतं. पण यूएमडीवरचा सिनेमा दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालायचा नाही, आणि पहिल्या पीएसपीला तो टीव्हीवर दाखवता यायचा नाही. खोक्यात मिळणाऱ्या मेमरी कार्डात जागा 32 एमबी, म्हणजे धड एक सिनेमाही मावणार नाही. वर्षभरातच स्टुडिओंनी यूएमडीवरून हात काढून घ्यायला सुरुवात केली.

तरी पीएसपीला अपयशी म्हणणं अन्याय होईल. 7 कोटींहून अधिक यंत्रं खपली, आणि त्या काळी बहुतेकांच्या फोनमध्ये एवढा पडदा नव्हता, त्यामुळे सिनेमा बघण्याची हौस खोटी नव्हती. डीएस मात्र 15 कोटी 40 लाखांवर पोचलं.

इथे मला एक फरक ठामपणे मांडायचा आहे, कारण या वादात तो नेहमी हरवतो. गाणं वाजवणं ही सोय जवळपास फुकट पडते. चिप आहे, पडदा आहे, कार्डाची खाच आहे, मग वर एक छोटा प्रोग्राम घातला की झालं. पैसे लागतात ते वस्तूला: फिरणारी चकती आणि तिची मोटर, कॅमेरा, मोबाइल नेटवर्कचं मोडेम, त्रिमितीचा थर, बिजागरी. सोनीने 2011 मध्ये युरोपसाठी काढलेलं पीएसपी ई-1000 याचा पुरावा आहे. 99.99 युरोला आणताना त्यांनी वाय-फाय आणि दुसरा स्पीकर काढला. संगीत आणि व्हिडिओ तसेच राहिले. दुःखाची गोष्ट अशी की वाय-फाय हेच पीएसपीचं चैतन्य होतं. जपानमध्ये 'मॉन्स्टर हंटर' खेळायला मुलं एका टेबलाभोवती चार-चार पीएसपी घेऊन बसायची, ती त्याच्याच जोरावर. त्याआधी 2009 मध्ये 'पीएसपी गो' या आवृत्तीतून चकतीचा भाग पूर्ण काढला, आणि किंमत ठेवली 249.99 डॉलर. जुनं पीएसपी तेव्हा 169.99 ला मिळत होतं. भाग काढून महाग केलेलं यंत्र लोकांनी नाकारलं, यात त्यांचं काय चुकलं?

2011 पर्यंत हिशेबच बदलला. गाणी, फोटो, व्हिडिओ, नकाशे सगळं फोनमध्ये आलं होतं आणि फोन तर खिशात होताच. अशा वेळी थ्रीडीएस 249.99 डॉलरला निघालं आणि पाच महिन्यांच्या आत 169.99 वर आणावं लागलं. निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. त्रिमिती चित्र पहिल्या पाच मिनिटांत थक्क करायचं. पण यंत्र जरा हललं की चित्र फाटायचं, बॅटरी लवकर उतरायची, आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते दाखवू नका अशी सूचना कंपनीच द्यायची. म्हणजे धाकट्या गिऱ्हाइकाचे आईवडील न वापरायच्या थराचे पैसे देत होते. पीएसपीनंतर आलेल्या सोनीच्या व्हिटाने ओएलइडी पडदा, मागे स्पर्शफलक, दोन कॅमेरे आणि महाग आवृत्तीत थ्रीजी दिलं. वर फक्त स्वतःचीच मेमरी कार्डं चालवली, 32 जीबीचं अमेरिकेत 99.99 डॉलरला. 2013 च्या नव्या व्हिटात ओएलइडी आणि थ्रीजी दोन्ही गेले. कार्ड राहिलं.

2017 मध्ये निन्टेन्डोचा स्विच आला तेव्हा त्यात ना ब्राउझर होता ना एकही व्हिडिओ ॲप, आणि त्यामुळे फारसं कोणाचं अडलं नाही. 2019 चा स्विच लाइट तर टीव्हीलाही जोडता येत नाही. तो 199.99 डॉलरला आला, मोठ्या भावापेक्षा शंभर डॉलरने स्वस्त.

टूडीएसचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. जुलै 2017 मध्ये न्यू निन्टेन्डो टूडीएस एक्सएल 149.99 डॉलरला आलं. चार वर्षं लोकांच्या हातात पाचर देऊन झाल्यावर निन्टेन्डोने काढलेल्या गोष्टींपैकी बिजागरी परत बसवली. दोन स्पीकरही परत आले. त्रिमितीचा थर आला नाही.